रात्री कार्डं नीट करणाऱ्या आईला

पत्र:

ताई,
माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि मुलगा अडीच. गेल्या वर्षी सणाला सगळ्यांना मुलांच्या हातची कार्डं पाठवायची असं मी ठरवलं. तीस जणांची यादी केली, सामान आणलं. पाच-सहा कार्डांतच मुलगी कंटाळली, धाकट्याने गोंदाची बाटली पालथी केली आणि शेवटी नुसती रडारड. मुलं झोपल्यावर मी बसून कार्डं नीट केली. तिने तिरके लावलेले तारे सोलून सरळ चिकटवले, तिची अक्षरं वरून गिरवली. सकाळी ती म्हणाली, "ही मी नाही केली." यंदा विषय काढला तर म्हणते, "तूच कर, तुला छान येतं." सासूबाई म्हणतात, एवढा पसारा कशाला, तयार आणा. नवरा म्हणतो, मोबाइलवर पाठव आणि मोकळी हो. मला मात्र मुलांबरोबरच करायची आहेत. गेल्या वर्षीची तीन कार्डं अजून कपाटात पडून आहेत. काय करू?

उत्तर:

तुमच्या मुलीचं म्हणणं अगदी खरं होतं. ती कार्डं तिने केलेली नव्हती. तिने केलेली कार्डं रात्रीत नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी दुसरीच आली. साडेपाच वर्षांच्या मुलीला हे कळतं, आणि त्यावरून ती जो निष्कर्ष काढते तोच यंदा तुम्हाला ऐकायला मिळतोय. "तूच कर" म्हणते म्हणून तिला आळशी ठरवू नका, रुसलीय असंही समजू नका. या कामाला आईचा हात लागतो, माझा चालत नाही, एवढं तिने बघून ठेवलंय.

म्हणून आधी कपाटातली ती तीन कार्डं बाहेर काढा. तिच्यासमोर ठेवा आणि सांगा, "गेल्या वर्षी तुझे तारे मी हलवले. तुला न विचारता हलवायला नको होते." एवढंच, लांबलचक समजावणी नको. मग ती कार्डं तिला देऊन टाका. ती सोलेल, फाडेल, त्यावर आणखी काही चिकटवेल, नाहीतर तशीच ठेवून देईल. यंदाच्या यादीत ती कार्डं धरू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या मनात दोन वेगळी कामं एकात एक मिसळली आहेत. ठरल्या तारखेला, बऱ्यापैकी नीटनेटकी, पाकिटात बसतील अशी कार्डं तयार हवीत, हे झालं मोठ्या माणसाचं काम. रंगात हात घालायचा, कागद कापायचा, चिकटवायचं आणि बघायचं काय होतं, हे मुलांचं काम. मुलांकडून पहिलं काम करून घ्यायला गेलं की रडारड ठरलेली. त्यांना दुसरं काम मनसोक्त करू द्यावं आणि त्यातून निघेल त्याची कार्डं आपण करावीत. माझा सगळा सल्ला या वाटणीवर उभा आहे.

ही वाटणी प्रत्यक्षात कशी करायची ते सांगते. कार्ड एकेक करून रंगवायला देऊच नका. मोठा, जाड ड्रॉइंग पेपर घ्या, ए-२ मापाचा, म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून त्यावर तो चारी बाजूंनी मास्किंग टेपने पक्का बसवा, नाहीतर धाकटा तो पाण्यासकट ओढून नेईल. रंग दोन, फार तर तीन द्या आणि ते एकमेकांत मिसळले तरी बरे दिसतील असे निवडा. पिवळा, नारिंगी, लाल चालतील. निळा, हिरवा, पिवळाही चालतील. लाल आणि हिरवा शेजारी आले की मिसळून चिखलाचा रंग होतो, तो टाळा. डब्यातले बाराच्या बारा रंग समोर मांडले तर हमखास तपकिरीच हाती लागतो. यात दोष मुलांचा नसतो, मांडणाऱ्याचा असतो. आणि रंग धुतल्यावर निघणारे, लहान मुलांसाठी म्हणून विकले जाणारेच घ्या.

मग दोघांना कागदाच्या दोन टोकांना बसवा. ब्रश, स्पंज, बोटं, सगळं चालेल. बटाटा अर्धा कापून त्याचा ठसा, भेंडीचा देठाकडचा तुकडा कापून पाच पाकळ्यांच्या फुलाचा ठसा, हे धाकट्यालाही जमतं. तुमचं काम पाणी बदलण्याचं आणि गप्प राहण्याचं. कागद भरून गेला, आता आणखी रंग पडला तर सगळं गढूळ होईल असं वाटलं, तर हातातून ओढून घेऊ नका. "झालं का?" एवढं विचारा आणि शेजारी दुसरा कोरा कागद टाका. कोरा कागद दिसला की मुलं आपोआप तिकडे सरकतात.

दुसऱ्या दिवशी, कागद पूर्ण वाळल्यावर, मुलीला एकटीला घेऊन बसा. एका टाकाऊ पुठ्ठ्याला मधोमध ९ बाय १३ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा. ही खिडकी तिने रंगवलेल्या कागदावरून हळूहळू फिरवायची. मोठ्या कागदावर जो नुसता गोंधळ दिसत होता, त्यातून खिडकीत एकदम काहीतरी उभं राहतं. निळ्यावरून पिवळं गेलं तिथे हिरवी कड सुटलेली, शेजारी धाकट्याच्या अंगठ्याची रेघारेघांची खूण, कोपऱ्यात रंगात अडकून राहिलेला ब्रशचा एक केस. ती म्हणेल "थांब, इथे", की तिथे पेन्सिलने खूण करायची. कापायचं काम तुमचं. कुठे कापायचं हे मात्र शंभर टक्के तिने ठरवायचं, आणि तुम्हाला पलीकडचा तुकडा कितीही जास्त आवडला तरी. चित्रातली जागा निवडणं हे चित्र काढण्याइतकंच खरं काम आहे, आणि "मला येत नाही" म्हणणाऱ्या मुलीला हे काम पहिल्याच मिनिटाला येतं.

काटेकोर आखून कापलं तर एका ए-२ कागदातून असे अठरा तुकडे निघतात. आवडीच्या जागा शोधत कापलं तर आठ-दहा. प्रत्येक तुकडा घडी घातलेल्या कोऱ्या कार्डाच्या दर्शनी बाजूवर, भोवती थोडी पांढरी किनार सोडून चिकटवायचा. त्या किनारीमुळे ते चित्र कुणीतरी चौकटीत बसवल्यासारखं दिसतं. तुम्हाला जो नीटनेटकेपणा हवा होता तो असा, मुलांच्या रेषेला हात न लावता मिळतो.

धाकट्यासाठी वेगळी युक्ती आहे. कोऱ्या कार्डावर तुम्ही मास्किंग टेपच्या पट्ट्यांनी एखादा आकार लावा, तारा, घर, काहीही. आधी टेप एकदा कपड्याला चिकटवून काढा म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो, नाहीतर काढताना कागदाचा पापुद्रा निघून येतो. त्याने त्यावरून वाटेल तसा रंग फासायचा. रंग वाळत आला की टेप हळूच, उलट्या दिशेने दुमडत सोलायची. खालून पांढराशुभ्र तारा. यात चुकायला जागाच नाही. टेप सोलायची मात्र त्याच्यासमोर, कारण खरी मजा तिथेच असते. तो आणखी चार वेळा मागेल.

मुलीला मेणखडूचा खेळ आवडेल. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूने जोर देऊन काही काढायचं किंवा लिहायचं, आणि वरून पाणी जास्त घातलेला जलरंग फिरवायचा. मेणावर पाणी धरत नाही, त्यामुळे रंग बाजूला होतो आणि लपलेलं चित्र दिसू लागतं. तिने काढायचं, भावाने रंग फिरवून ते शोधायचं, असं केलं तर दोघांचं एकत्र कार्डही होतं आणि भांडणालाही थोडी विश्रांती मिळते.

एक गोष्ट मात्र करू नका. नमुना म्हणून स्वतः छान कार्ड करून त्यांच्यासमोर ठेवू नका, आणि शेजारी बसून सुबक चित्रं काढत राहू नका. "तुला छान येतं" हे वाक्य तिथेच तयार होतं. तुम्हाला स्वतःला सुंदर कार्डं करायची हौस आहे हे पत्रावरून दिसतंय आणि ती अगदी रास्त आहे. ती रात्री करा, आपल्या नावाने करा, आपल्या मैत्रिणींना पाठवा. फक्त ती मुलांची म्हणून खपवू नका.

बालचित्रांचा अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी साधारण दोन ते चार वर्षांच्या टप्प्याला रेघोट्यांचा टप्पा म्हटलंय. तुमचा मुलगा ऐन त्या टप्प्यात आहे. त्याच्या गोल गोल रेघा म्हणजे न जमलेलं चित्र असं समजू नका, हाताच्या हालचालीची कागदावर खूण उमटते याचं त्याला नवल वाटतंय. त्यामुळे "हे काय काढलंस?" हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. विचारलंत तर तो तुमचं मन राखायला काहीतरी सांगेल, आणि पाच मिनिटांनी वेगळंच सांगेल. वय तीन-चारच्या सुमाराला डोक्यातूनच पाय फुटलेली माणसं येतात, पोट आणि हात मागाहून. ती माणसं आलीच तर त्यांना धड जोडून देऊ नका. आजी-आजोबांना ती तशीच हवी असतात.

कौतुकही जरा बेताने करा. प्रत्येक तुकड्याला "किती सुंदर!" म्हटलं की मूल कागदाकडे कमी आणि तुमच्या तोंडाकडे जास्त बघायला लागतं. जे दिसतंय ते बोला. "इथे खूप जोर दिलास, कागद खरखरीत झालाय." "हा निळा पार कोपऱ्यापर्यंत गेला." एवढं पुरतं.

सामानाचं थोडक्यात. कार्डासाठी २०० ते २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन भरणारा) कागद घ्या. नेहमीचा झेरॉक्सचा कागद ८०च्या आसपास असतो, तो रंगाने आणि गोंदाने लगेच लुळा पडतो. एका ए-४ कागदाचे दोन भाग करून प्रत्येकाची मधोमध घडी घातली की दोन कार्डं होतात. जाड कागदाची घडी तशीच दाबली तर ती फुटते, कडेला पांढरे तंतू दिसतात. म्हणून रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून आधी एक चर पाडायची आणि मग दुमडायचं. कागद दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघा, एका दिशेला तो सहज वाकतो. घडी त्या बाजूने आली तर स्वच्छ बसते.

पातळ गोंदाने कागद फुगून लाटा येतात, कारण पाणी शोषून त्याचे तंतू फुलतात. मुलांना ग्लू स्टिक द्या. पांढरा गोंदच वापरायचा असेल तर बाटली तुमच्याकडे ठेवा आणि झाकणात थोडासा काढून कापसाच्या काडीबरोबर द्या. गेल्या वर्षीचा अपघात एवढ्यानेच टळला असता. चिकटवून झालेली कार्डं रात्रभर जाडजूड पुस्तकांखाली ठेवली की सपाट होतात.

कात्री मुलीला गोल टोकाची द्या, पण धार असलेली. बोथट कात्री कागद कापत नाही, चावते, आणि मूल समजतं की आपल्यालाच येत नाही. ती डावखुरी असेल तर डाव्या हाताची कात्रीच आणा. त्यात पाती उलट बसवलेली असतात, त्यामुळे तिला कापायची रेघ दिसते. धाकट्याला कापण्यापेक्षा फाडायला द्या. फाडलेल्या रंगीत कागदांच्या कडा कापलेल्यांपेक्षा चांगल्या दिसतात, हे माझं प्रामाणिक मत आहे.

बटणं, मणी, चिकटवायचे हलणारे डोळे हे सगळं धाकटा जागा असताना डब्याबाहेर येता कामा नये. लहान मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासायला सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाची नळी वापरतात, तीत जे मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याचं धरतात. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी घेऊन बघा. ती थोडी मोठी असते, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला. आणि चमकी? नको. ती तुमच्या सतरंजीत वर्षभर राहील आणि पाकीट उघडणाऱ्याच्याही. शिवाय बहुतेक चमकी प्लास्टिकची असते. लुकलुकणारं काही हवंच असेल तर चकचकीत कागदाचे फाडलेले तुकडे लावा.

आता ती तीसची यादी. ती निम्म्याहून खाली आणा. मुलं ज्यांना नावाने ओळखतात, ज्यांच्या घरी गेली आहेत, ज्यांची वाट बघतात, तेवढेच ठेवा. दहा निघाले तर खूप झाले. बाकीच्यांसाठी तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला मान्य आहे. एका चांगल्या कार्डाचा उजेडात फोटो काढा आणि तो पाठवा. ते काम त्यांनाच द्या, सुचवलंय त्यांनी. सासूबाईंचंही सगळं चूक नाही. लंडनच्या हेन्री कोल यांना १८४३ साली नाताळाची पत्रं लिहायला वेळ पुरेना, म्हणून त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. विक्रीला आलेलं नाताळाचं पहिलं छापील कार्ड ते. म्हणजे तयार कार्ड जन्मालाच आलं ते एका कामात बुडालेल्या माणसापायी. त्यामुळे सासूबाईंशी वाद घालत बसू नका, त्यांना खिडकीच्या खेळाला बोलवा. नातीने "आजी, इथे की इथे?" असं विचारलं की पसाऱ्याचा मुद्दा बराचसा मागे पडतो.

एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरे. मुलं रंगली तर वाढू द्या, पण तासाभराचा बेत आखू नका. एका दिवशी रंग, दुसऱ्या दिवशी खिडकी, मग चिकटवणं, आणि लिहिणं सगळ्यात शेवटी. धाकटा झोपलेला असताना मुलीचं बारीक काम काढा. भूक लागलेली असताना, झोप आलेली असताना काहीही काढू नका.

लिहिण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण गिरवलेल्या अक्षरांमुळे सांगते. साडेपाच वर्षांच्या मुलीला दहा कार्डांवर शुभेच्छांचं एकच वाक्य लिहायला लावणं ही शिक्षा आहे. तिने फक्त नाव लिहावं, आणि कंटाळा आला की पहिलं अक्षर. एखादं अक्षर आरशातल्यासारखं उलटं आलं तर येऊ द्या, सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास होतं. मजकूर तिने सांगायचा आणि तुम्ही लिहायचा, शब्द न बदलता. "आजोबा, तुमचा दात पडला तसा माझा पण हलतोय" असं ती म्हणाली तर नेमकं तेच लिहा. त्याला शुभेच्छांचं वळण द्यायचा मोह होईल. शुभेच्छा तुम्ही खाली, स्वतःच्या सहीने लिहा.

आणि दुरुस्ती. ती अजिबात करू नका असं मी म्हणणार नाही, तुम्हाला ते जमणारही नाही. कड सरळ कापणं, सुटलेला कोपरा पुन्हा चिकटवणं, मागचा डाग पुसणं, हे खुशाल करा. तारा हलवणं, रेघ पूर्ण करणं, अक्षर गिरवणं, कोपरा रिकामा दिसतो म्हणून तिथे एक फूल काढणं, हे नाही. शंका आली तर मुलगी जागी असताना, तिच्यासमोर ते कराल का, एवढं स्वतःला विचारा. ती झोपायची वाट बघावी लागत असेल, तर हात आवरा.

एवढं करूनही ती "मला नाही करायचं" म्हणाली तर? तर नाही. आग्रह धरू नका, "मग आजीला वाईट वाटेल" हे तर मुळीच नको. रंगाचा कागद अंथरून भावाला बसवा, ती आली तर आली. नाहीतर तिला पाकिटांचं खातं द्या. नावांची यादी धरून कुणाचं कार्ड कोणत्या पाकिटात हे जुळवणं, पाकीट बंद करून दाबणं, तिकीट चिकटवणं, पेटीत टाकणं. पुष्कळ मुलांना कार्डापेक्षा हेच आवडतं.

रंगाच्या कागदाला येत्या सुट्टीच्या दिवशी सुरुवात करा, सणाला तीनेक आठवडे असतील तर उत्तम. आणि पाकिटं आधी आणून ठेवा. वर सांगितलेलं कार्ड ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या म्हणजे सी-६ पाकिटात बसतं. ते मिळालं नाही, तर मिळेल त्या पाकिटाच्या मापाने खिडकी आणि कार्ड दोन्ही लहान-मोठं करून घ्या.